दूर असलेल्यांची यादी

सोमवार, ६ जुलै

प्रिय टिल्लू,

प्रभूच्या नावात सलाम. हे शब्द तुला अजून खुपत असतील तर गाळून पुढचं वाच. मला पत्राची दुसरी सुरुवात येत नाही, आणि त्रेपन्नाव्या वर्षी नवी शिकायचा उत्साहही नाही. आम्ही दोघी ठीक आहोत. तूही ठीक असशील असं धरून चालते. सहा फुटी बाप्याला टिल्लू म्हणणं शोभत नाही, पण दुसऱ्या नावानं हाक मारायला जीभ वळत नाही, तेव्हा चालवून घे.

आईचं आधी सांगते. खुब्याचं हाड मोडल्याला आता चार वर्षं होतील. वॉकर धरून पलंगापासून खिडकीपर्यंत जाते, खिडकीत बसते, परत येते. एवढंच तिचं जग. कान जवळजवळ गेलेत. उजव्या कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर ऐकू येतं, आणि मग म्हणते, 'ओरडतेस कशाला?' डोळे मात्र शाबूत. समोरच्या गच्चीवर कुणी काय वाळत घातलंय ते सगळं सांगते. बाथरूमला नेणं, आंघोळ, औषधं, पाय चेपणं, सगळं मीच. तक्रार नाही करत. करत असले तरी तू ऐकायला कुठे आहेस म्हणा!

तू गावोगावच्या लिफ्ट दुरुस्त करत फिरतोस आणि तुझी आई दुसऱ्या मजल्यावर लिफ्ट नसलेल्या इमारतीत अडकून पडली आहे, यावर इथल्या लोकांनी पुष्कळ विनोद करून झालेत. आता कुणी करत नाही.

माझं काम तेच. हॉस्पिटलची कपड्यांची खोली. फाटलेल्या चादरी येतात, मी ठिगळ लावते. ठिगळ लावण्यापलीकडे गेली की चादरीचे उशीचे अभ्रे होतात, अभ्रे विरले की फरशी पुसायला जातात. मेट्रन म्हणते, 'तुमच्या हातातून काही फुकट जात नाही.' मनात म्हणते, मी स्वतः कुठल्या पायरीवर आहे ते विचारू नका. चष्म्याचा नंबर पुन्हा वाढला. सुईत दोरा ओवायला इस्त्रीवालीला हाक मारावी लागते आणि ती दर वेळी त्याची किंमत म्हणून मला तिच्या सुनेची एक गोष्ट ऐकवते.

नवे पाळकसाहेब येऊन तीन वर्षं झाली, तरी आम्ही त्यांना नवेच म्हणतो. भला माणूस आहे. उपदेश लांबवतो, पण मनापासून बोलतो. रविवारची प्रार्थनेची यादी अजून मीच वाचते. मे महिन्यात त्यांनी उपदेशात माझंच उदाहरण दिलं. विश्वासूपणा म्हणजे काय ते आपल्या या ताईंकडे बघा, म्हणाले. बाप गेला, आई अंथरुणावर, एकटी बाई, पण एक रविवार चुकवला नाही. सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. मी चपलेचा पट्टा बघत बसले.

आता कामाचं. आईला तुझ्या हातचं पत्र हवंय. छापील कार्ड नको, तुझ्या हस्ताक्षरातलं हवं. चार ओळी चालतील. वर तारीख घाल. आणि त्यात असं काहीतरी लिही जे तुला आणि तिलाच ठाऊक आहे, मला नाही. कारण विचारू नकोस. म्हातारं माणूस आहे, मनात येतं काहीतरी.

ती हल्ली तुझं नाव काढत नाही. पूर्वी रविवारी मी दार उघडून आत आले की पहिला प्रश्न तुझाच असायचा. आता विचारत नाही, म्हणून मला जरा काळजी वाटली, एवढंच.

लगेच लिही. तुझा आळस मला माहीत आहे, म्हणून पाकीट आणि तिकीट सोबत पाठवते आहे.

तुझी,
ताई


बुधवार, २९ जुलै

प्रिय टिल्लू,

तेवीस दिवस झाले. पत्र मिळालं नाही म्हणावं तर परतही आलं नाही. तुझा फोन लावला. ती बाई म्हणते, हा क्रमांक अस्तित्वात नाही. तीनदा लावला, तीनदा तेच म्हणाली. निदान नंबर बदलल्याचं तरी कळवायचंस. बाबा म्हणायचे ते खरं आहे, तुला घर सोडता येतं, दार लावता येत नाही.

रागारागानं लिहायचं नव्हतं. आज खोलीत एकशे दहा चादरी आल्या. कुठल्या तरी वॉर्डात पलंगाचा पत्रा निघालाय आणि तो दुरुस्त करायचं सोडून लोक चादरी बदलताहेत. मान दुखते आहे.

कारण विचारू नकोस म्हणाले होते, पण आता सांगते. आईला वाटतंय की तू गेलास. म्हणजे देवाघरी.

माझ्या हे लक्षात आलं ते पाळकसाहेबांमुळे. जूनच्या शेवटी उपासना झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. हळू आवाजात म्हणाले, 'ताई, मी परवा आईंना भेटायला गेलो होतो. त्यांची इच्छा आहे की तुमच्या भावाचं नाव आता निजलेल्यांत घ्यावं. म्हणाल्या, मुलगी सांगत नाही, पण मला कळलंय.' मी उभीच राहिले. त्यांना वाटलं मला दुःखानं बोलवत नाही. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो ठेवू दिला, आणि काहीही न बोलता घरी आले. बघ माझी अक्कल!

घरी येऊन आईच्या कानाशी ओरडले, 'अगं, तो जिवंत आहे, धडधाकट आहे!' तिनं माझा गाल कुरवाळला. म्हणाली, 'तू माझ्या चांगल्यासाठीच सांगतेस. दमलीस गं तू, किती वर्षं एकटी वाहते आहेस.' मी तुझं दोन वर्षांपूर्वीचं कार्ड काढून दाखवलं, नवीन पत्ता कळवलेलं. त्यावर सगळं छापील आणि खाली तुझी सही. ती म्हणाली, 'सही तूच केलीस ना? मी तेव्हाच ओळखलं होतं. मी काही बोलले नाही.'

आता मी काय करू? कानांनी फोनवर तिला कुणाचा आवाज ओळखता येत नाही. माझ्या शब्दावर तिचा विश्वास नाही. लोकांचा कुठेतरी काहीतरी गैरसमज झाला आणि तो तिच्यापर्यंत पोचला. कसा झाला कोण जाणे. लोकांच्या तोंडाला हात कुठं लावणार?

ती रडत नाही. खिडकीत बसून तुझ्यासाठी उपकार मानते. जेवढी वर्षं दिलास तेवढ्यांबद्दल, असं म्हणते. मी स्वयंपाकघरातून ऐकते. टिल्लू, मला ते ऐकवत नाही.

तू चार ओळी लिही. मी पाया पडते. सवड काढून आलास तर फारच बरं. एक दिवस ये. दारात उभा राहा, तिला तोंड दाखव आणि जा. चर्चला चल म्हणणार नाही, जेवायच्या आधी डोळे मीट म्हणणार नाही.

ताई


सोमवार, ७ सप्टेंबर

प्रिय टिल्लू,

हे तिसरं. हे तरी तुझ्यापर्यंत पोचो.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की लोकांचा गैरसमज कसा झाला कोण जाणे. ते खोटं होतं. मला चांगलं माहीत होतं. जूनमध्ये पाळकसाहेब बोलत होते तेव्हाच माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता. आता जे आहे ते सांगते. आईला सांगून झालं, मंडळीला सांगून झालं, आता तुझी पाळी. खरं म्हणजे तू पहिला हवा होतास.

तू गेलास त्या रविवारपासून आईनं तुझं नाव यादीत घालायला लावलं. यादी तुला आठवत असेल. आधी आजारी, मग दूर असलेले, मग प्रभूत निजलेले. 'मी देवाला मानत नाही, त्या बाकावर शोभेसाठी बसणार नाही,' असं तू म्हणालास आणि बाबा म्हणाले, 'मग या टेबलावरही बसू नकोस.' दोघंही सुतारी डोक्याचे, एकदा खिळा ठोकला की उपटायचा नाही. तू बॅग घेतलीस. त्यानंतर तीन वर्षं दर रविवारी मी तुझं नाव घेत होते, दूर असलेल्यांत चौथं. बाबा मान खाली घालून ऐकायचे. सगळी मंडळी म्हणायची, 'प्रभू, त्याला सांभाळ.' बाबाही म्हणायचे. मोठ्यानं नाही, पण म्हणायचे. हे तुला आजवर कुणी सांगितलं नसेल.

त्या तीन वर्षांतच बाबा आजारी पडले. दीड वर्ष. त्यांना उचलायचं, पुसायचं, भरवायचं. नोकरी करून. माझी पाठ तेव्हा गेली ती गेलीच. तुला तीनदा कळवलं. ते गेले तेव्हा तार केल्यासारखा दोन ओळींचा निरोप फोनवर पाठवला. तू आला नाहीस. महिन्यानं तुझं पत्र आलं. कळलं, वाईट वाटलं, येता आलं नाही. तीन वाक्यं. मी मोजली.

त्याच्या दुसऱ्या रविवारी मी यादी घेऊन उभी राहिले. आई बाबा गेल्यापासून घराबाहेर पडत नव्हती. दूर असलेल्यांत पहिलं, दुसरं, तिसरं नाव वाचलं, आणि चौथं सोडून पाचवं वाचलं. आधी ठरवलेलं नव्हतं. तोंडातून तुझं नाव निघेना. मनात म्हणाले, ज्याला बापाच्या मातीला यायला जमलं नाही त्याला सांभाळायला देवाला तरी का सांगू? पुढच्या रविवारी घेईन म्हणाले. पुढच्या रविवारी राग होताच. मग राग गेला आणि सवय राहिली. मग नवी यादी लिहिताना तुझं नाव लिहिलंच नाही.

बाबा गेल्यावर दोन महिन्यांनी आई पडली. ती घरी, मी चर्चला. दर रविवारी मी आले की विचारायची, 'नाव घेतलंस ना?' मी म्हणायचे, 'घेतलं.' चार वर्षं, टिल्लू. दोनशे रविवार. कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगायचे, घेतलं! खोटंसुद्धा हळू बोलायची सोय नव्हती.

तू म्हणशील, एवढंच ना? कागदावरचं नाव गाळलं, त्यानं माझं काय वाकडं झालं? तुझं झालं नसेल. पण आमच्याकडची रीत तू विसरला असशील. यादीतून नाव काढायचं तर वाचणाऱ्यानं सांगायचं असतं, अमक्याबद्दल आज आपण उपकार मानतो. म्हणजे बरा झाला, परत आला. सगळे म्हणतात, प्रभूचे उपकार. आणि ज्याचं नाव उपकार न मानता गळतं, त्याचं काय झालं ते लोक समजून घेतात आणि सभ्य माणसं विचारत नाहीत. पुढे घरच्यांचं मन घट्ट झालं की नाव निजलेल्यांत येतं.

तुझं नाव गळलं. मी उपकार मानले नाहीत. लगेच आई पडली, डॉक्टर म्हणाले तिला धक्का बसता कामा नये. लोकांनी दोन आणि दोन मिळवले. बापापाठोपाठ मुलगाही गेला, आणि ही बिचारी आईपासून लपवते आहे. चार वर्षं सगळ्या मंडळीनं माझ्यासाठी तोंड शिवून ठेवलं. आपल्या मंडळीत गुपित एक रविवार टिकत नाही, आणि हे चार वर्षं टिकलं! एवढं प्रेम लोकांनी केलं, तेही खोट्या गोष्टीपायी.

बाया माझा हात दोन्ही हातांत धरायच्या. सूप आणून द्यायच्या. घंटा वाजवणारे काका मला बघून टोपी काढायचे. मला वाटायचं हे माझ्या सेवेचं कौतुक आहे. मी ते कौतुक चार वर्षं अंगावर शालीसारखं घेऊन फिरले. ते दुखवट्याचं होतं. हसू नकोस. हस, खरं तर. मलाही एकदा मशीनवर बसल्या बसल्या असं हसू आलं की इस्त्रीवालीनं पाणी आणलं.

आणि आईला भेटायला येणाऱ्या बायांसमोर आई तुझं बोलायची. माझा मुलगा अमका, माझा मुलगा तमका. त्या बाया गप्प व्हायच्या, खाली बघायच्या. कान गेलेत, डोळे नाहीत. तिनं वर्षानुवर्षं त्या खाली गेलेल्या माना बघितल्या. तुझं कार्ड आल्याचं तिनं सांगितलं तेव्हा तर एकीच्या डोळ्यांत पाणीच आलं, केवढी ही मुलगी आईसाठी करते म्हणून. शेवटी जूनमध्ये मास्तरीणबाई तिच्या कानाशी जाऊन म्हणाल्या, 'तिथं भेट होईलच हो.' मास्तरीणबाईंचा आवाज तुला ठाऊक आहे. पहिल्या बाकावरून मागच्या दारापर्यंत जायचा. आईला पहिल्या खेपेला ऐकू आलं.

तर हे सगळं मी केलं. लोकांनी नाही.

ऑगस्टच्या मध्यावर मी आईला सांगितलं. तुझ्या पत्राची वाट बघून थकले म्हणून सांगितलं, मोठ्या मनानं नाही. शनिवारी दुपारी तिचे केस विंचरत होते. मागे उभी राहून सांगायचं ठरवलं होतं, म्हणजे तोंड दिसायला नको. पण मागून तिला ऐकू येईना. 'काय?' म्हणाली. पुढे येऊन, गुडघ्यांवर बसून, तोंडासमोर तोंड करून सांगावं लागलं. दोनदा. पहिल्यांदा तिला वाटलं तिनं चुकीचं ऐकलं.

तिनं माझी हनुवटी धरून तोंड वर केलं. मग म्हणाली, 'माझं लेकरू तू चार वर्षं बाहेर उभं ठेवलंस?'

मी म्हणाले, 'आई, देवाला यादी लागते का? तू रोज घरी त्याच्यासाठी प्रार्थना करतच होतीस ना?'

'देवाला लागत नाही. ते मला तुझ्या जन्माआधीपासून ठाऊक आहे. यादी आपल्याला लागते. मी पडल्या पडल्या थकायचे तेव्हा मनात म्हणायचे, आज माझ्यानं होत नाही, पण रविवारी साठ माणसं त्याचं नाव घेतील. त्यावर मी झोपायचे.' एवढं बोलून तिनं माझ्या हातातली फणी घेतली आणि स्वतःचे केस स्वतः विंचरायला लागली. हात वर जात नाही तिचा. तरी मला करू देईना.

दोन दिवस बोलली नाही. मी भरवलेलं खाल्लं, पण माझ्याकडे न बघता. मला वाटलं, झालं, बाप गेला, भाऊ गेला, आता ही पण मला दुरावली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी डबा भरत होते. तिनं हाक मारली. म्हणाली, 'म्हणजे तो जिवंत आहे?'

मी हो म्हणायला तोंड उघडलं, आणि टिल्लू, मला म्हणता येईना. सहा आठवडे झाले होते. दोन पत्रं. नंबर अस्तित्वात नाही. आणि तू दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात लोंबकळणारा माणूस. मी म्हणाले, 'मला माहीत नाही आई. तो उत्तर देत नाही.' शनिवारची कबुली सोडली तर चार वर्षांत तिला सांगितलेली ती पहिली खरी गोष्ट असेल.

तिनं डोळे मिटले, उघडले. म्हणाली, 'मग नाव घे. माहीत असतं तर यादी कशाला लागली असती? आणि मला घेऊन चल. मी माझ्या डोळ्यांनी तुझे ओठ बघणार आहे.'

तेवीस ऑगस्टला चौघांनी तिला खुर्चीत बसवून दोन मजले खाली आणलं. घंटावाले काका पुढून, पाळकसाहेब मागून, दोघं बाजूंनी. ती जिन्यात प्रत्येकाला सूचना देत होती. चार वर्षांनी चर्चमध्ये शिरली तर लोक उभे राहिले. पुढे, यादीच्या मेजासमोर तिची खुर्ची ठेवली. बाबांनी केलेल्या बाकांवर सगळी तीच तोंडं, थोडी सुरकुतलेली.

मी पाळकसाहेबांना आदल्या दिवशी सांगितलं होतं. ते म्हणाले, 'सगळ्यांसमोर सांगायलाच हवं असं नाही, ताई.' मी म्हणाले, 'सगळ्यांसमोर गाळलं होतं, साहेब.' पण मेजापाशी उभी राहिले तेव्हा वाटलं, कशाला हा शहाणपणा केला! कागदावर लिहून नेलं होतं, त्यातलं अर्धंही बोलले नाही. म्हणाले, माझा भाऊ मेलेला नाही. निदान मेल्याचं मला माहीत नाही. त्याचं नाव मी रागानं गाळलं. तुम्हाला फसवलं, आईला फसवलं. मला क्षमा करा.

मग मास्तरीणबाई, त्यांचा तो आवाज, 'अगं बाई! म्हणजे आहे तो?' मागे कुणीतरी हसलं. कुणीतरी रडलं. सूप आणणाऱ्या बाईनं मात्र माझ्याकडे एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं. तिचा मुलगा खरोखर गेला आहे. माझं दुःख आपल्यासारखंच आहे असं समजून ती चार वर्षं येत होती. तिनं अजून माझ्याशी बोलणं सुरू केलेलं नाही. करील की नाही, माहीत नाही.

मग मी तुझं नाव वाचलं. दूर असलेल्यांत. पूर्वी तीन वर्षं वाचत होते ते धोब्याच्या यादीसारखं, चादरी बारा, अभ्रे वीस. या वेळी वाचताना मला खरोखरच माहीत नव्हतं की हे नाव मी योग्य जागी वाचते आहे की नाही. सगळे म्हणाले, 'प्रभू, त्याला सांभाळ.' आई माझ्या ओठांकडे बघत होती. तिचं आमेन सगळ्यांच्या नंतर आलं, मोठ्यानं, बहिऱ्या माणसाचं येतं तसं.

यादी मी त्याच दिवशी मेजावर ठेवून दिली. कुणी मागितली नव्हती, पण कुणी नकोही म्हणालं नाही. आता मास्तरीणबाई वाचतात. मी खाली आईशेजारी बसते आणि बाकीच्यांबरोबर उत्तर म्हणते. काल तिसरा रविवार झाला.

तुला एक सांगते, हसलास तरी चालेल. बाबा गेल्यापासून मी प्रार्थना केली नव्हती. वाचत होते, गात होते, ओठ हलत होते. एकदाही रविवार चुकला नाही, आणि एकदाही मनातून शब्द निघाला नाही. मे महिन्यात पाळकसाहेबांनी विश्वासूपणा म्हणून जे दाखवलं ते हे होतं. आता जिन्यात, मशीनवर, आईचे पाय चेपताना एकच म्हणते. प्रभू, तो असू दे. यापुढे शब्दच सुचत नाहीत. भरवसा म्हणजे सगळं नीट होईल अशी खात्री वाटणं, असं मला लहानपणापासून वाटायचं. तशी खात्री मला वाटत नाही रे. भीती वाटते. भीती वाटत असतानाच म्हणते, दिवसातून शंभरदा म्हणते, आणि थकून झोपते. आईला विचारलं, तुला वाटते का खात्री? ती म्हणाली, 'मला त्याची ओळख आहे. खात्रीचं काय घेऊन बसलीस?' तिनं तुझ्याबद्दल म्हटलं की देवाबद्दल, ते मी विचारलं नाही.

मी तुझ्यावर अजून रागावलेली आहे. ते लपवत नाही, लपवायचं आता पुष्कळ झालं. दीड वर्ष मी बाबांना एकटीनं उचललं आणि तू तीन वाक्यं लिहिलीस. ते मला अजून गिळवत नाही. पण तुझं नाव गाळायचा अधिकार मला नव्हता. तो राग माझा होता आणि यादी आईची होती. मला क्षमा कर. यायचं नसेल तर येऊ नकोस. मानायचं नसेल तर मानू नकोस. नुसतं लिही की आहेस.

आणि हे पत्र दुसऱ्याच कुणी उघडलं असेल, खोलीच्या मालकांनी, बरोबर काम करणाऱ्यांनी, तर त्यांना नमस्कार. तुम्ही आम्हाला ओळखत नाही. या पत्त्यावर राहणाऱ्या लिफ्टवाल्याची मी बहीण. तो कुठे गेला असेल तर कळवा. तो नसेल, तर तेही कृपा करून कळवा.

त्यापुढे मी लिहिलं होतं की तसं असेल तर पाकिटावर माझं नाव घाला, आईचं नको. ती ओळ वर खोडलेली दिसेल. पत्र आईला वाचून दाखवत होते, तिनं तिथं हात धरला. म्हणाली, 'पाकीट माझ्या नावानं येऊ दे. काय असेल ते मी उघडीन. तेवढं बळ तो मला देईल. तू आता मधे उभी राहू नकोस.'

तेव्हा पाकिटावर आईचंच नाव घाला. ते येईपर्यंत तो दूर असलेल्यांत आहे. दर रविवारी, चौथा.

त्याची आणि तुमचीही,
ताई